एक जानेवारीचा जन्म

१४ डिसेंबर २०२५, रविवार

रेणुके, तू हे अर्धं वाचून चष्मा शोधायला उठशील, आणि चष्मा सापडला की काय वाचायलीस तेच विसरशील. म्हणून आधीच सांगून ठेवते: मी तुझी आई, कुसुम. सकाळी राणीसावरगावला तूच मला गाडीत बसवलंस. पिशवीत दोन लुगडी, शाल, बाळाच्या टाळूचं तेल असं समदं आठवून आठवून भरलंस आणि माझ्या बीपीच्या गोळ्या घरीच ठेवल्यास. जावयानं इथं दुसऱ्या आणल्या. फिकीर करू नको. करणारबी न्हाईस, विसरशील.

धम्मानंद गंगाखेडच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. मी म्हणले, बाबा, यावर मला नेलंस तर वाटेत जे उरंल ते उसाच्या मोळीसंगं कारखान्याच्या गव्हाणीत टाकून दे. लाजला बिचारा, रिक्षा केली. कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर रसातली साखर मोजतो आणि स्वतः बिनसाखरेचा चहा पितो. असा जावई तुला मिळाला, हे तुझ्या नशिबापेक्षा जास्तच झालं.

क्वार्टर मला लय आवडलं. दोन खोल्या, मागं फरशीचं अंगण, त्यात नळ, कंपाउंडाला लागून शेवगा. दार उघडलं की मळीचा वास. सुकेशनीला त्यानं मळमळतं. तुझी लेक आता चालती कशी, डोईवर भरली घागर असल्यासारखी. नववा लागलाय, पाय सुजलेत. डॉक्टरीणबाईनं प्रवास बंद केलाय म्हणून तिला माहेरी नेता आलं न्हाई, आणि तुला अंगणवाडीतून जानेवारीच्या मध्यापर्यंत सुट्टी न्हाई, म्हणून ही नेमणूक माझी झाली.

मला अक्षर येत न्हाई, एवढं तरी तुझ्या ध्यानात असंल. सुकेशनीनं तिचा जुना फोन मला दिलाय. गोल बटण दाबायचं, बोलायचं, फोन लिहितो. तारीखबी तोच टाकतो, आणि लिहिलेलं आपोआप तुझ्या फोनात जातं. तू उघडशील तवा उघडशील. जन्मभर पाटीला घाबरले, आणि आता पाटीच माझं ऐकायलीय.

१६ डिसेंबर, मंगळवार

तुझी लेक काय शिकायलीय ते तुला ठाऊक हाय का, का सांगितलेलं विसरलीस? ज्योतिष. तेबी आपल्याकडचं न्हाई, ग्रीक लोकांचं, दोन हजार वर्षांमागचं. पुण्याच्या निवेदिताबाई म्हणून हायत, त्या दर शनिवारी फोनवर शिकवतात. मी म्हणले, पोरी, आपल्या माणसांनी छप्पन सालात धम्म घेतला तवा पत्रिका-मुहूर्त समदं पुढच्या दारानं बाहेर काढलं, आणि तू मागच्या दारानं परदेशी माल आत घेतलास. तर म्हणती, आज्जी, हे मानायचं न्हाई, निस्तं शिकायचं. पूर्वीची माणसं काळ कसा मोजायची त्याचा अभ्यास. गणित हाय.

मी मान हलवली. पण मागल्या साली तिसऱ्या महिन्यात तिचं पहिलं गेलं, तवापासून ती "कधी" एवढाच शब्द धरून बसलीय, हे मला दिसतं. ते तवाच का गेलं, हे कधी येणार, नीट येणार का. डॉक्टरीणबाई सांगते तेवढ्यानं तिचं समाधान होत न्हाई. भ्यालेलं माणूस मोजायला बसतं.

शिकलेलं मला सांगती, म्हणजे तिचं पाठ होतं. जन्माच्या बखताला पूर्वेला जी रास उगवत असती ते पहिलं घर. वर्ष सरलं की एक घर पुढं. बारा वर्षांत बारा घरं, तेराव्याला पुन्हा पहिलं. ज्या घरात वर्ष आलं त्या घराचा ग्रह त्या वर्षाचा मालक. मी म्हणले, हे तर सालगड्याचंच झालं, पाडवा आला की मालक बदलायचा. ती हसली आणि वहीत लिहून घेतलं. बघ, ग्रीकांना जे सुचलं न्हाई ते मला सुचलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

आता गाडं अडलंय सॉफ्टवेअरवर. हाताची बोटं मोजून घरं कळतात, पण पुढची गणितं हातानं होत न्हाईत म्हणे. निवेदिताबाईंनी सांगितलंय, जे घ्यायचं ते आधी पारखून घ्या. ज्याचं आयुष्य जगून झालंय असं म्हातारं माणूस धरा, त्याची तारीख घाला, आणि झालेल्या गोष्टी त्या त्या वर्षात पडतात का बघा. कोवळ्या माणसापुढं कुठलंबी सॉफ्टवेअर शहाणंच दिसतं. घरात म्हातारं माणूस एकच, ते उंबऱ्यावर बसून लसूण सोलायलेलं.

पहिलं सॉफ्टवेअर फोनातलं. वर्षाचं घर तेवढं सांगतं, पुढचं विचारलं की मुकं. दुसरं धम्मानंदाच्या लॅपटॉपवर. त्याला समदं येतं, पण आपल्या पंचांगात आणि ग्रीकांच्यात चोवीस अंशांचा फरक हाय, त्यातलं कुठलं घ्यायचं ती कळ दर वेळी आपल्याच बाजूला जाऊन बसती. आणि जन्मवेळ घातल्याबिगर पुढं सरकत न्हाई. माझी वेळ कुणाला ठावी?

तारीख मात्र हाय. एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठेचाळीस, आधार कार्डावर. तुला आठवत नसंल, पंडित मास्तराच्या ओट्यावर आधारवाले बसले होते. त्या पोरानं विचारलं, आजी, जन्म कधीचा? मी म्हणले, पोलीस ॲक्शन झाल्यावर कधीतरी, हुरड्याच्या दिवसात. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, साल अंदाजानं ठोकलं, आणि दिवस-महिना ठाऊक नसला की एक जानेवारीच टाकायची म्हणाला. त्या दिवशी आपल्या गावातल्या समद्या म्हाताऱ्या एक जानेवारीला जन्मल्या. शाळेत गेलेल्यांचा एक जून, न गेलेल्यांची एक जानेवारी.

सुकेशनीला मी हे सांगितलं. ती म्हणली, असू दे आज्जी, कागदावर हाय तेच घालू, वेळ अंदाजानं टाकू, दुसरं हाय काय आपल्याजवळ. घातलं. एकात माझं लग्न मी चार वर्षांची असताना लागलं, आणि दुसऱ्यात तू झालीस तवा मी समुद्रापलीकडं प्रवासाला होते. दोन्ही नापास.

२० डिसेंबर, शनिवार

तिसरं सापडलं. इंटरनेटवरचं पान हाय. वेळ माहीत नसंल तर ते उलट आपल्यालाच विचारतं: आयुष्यात काय काय झालं ते सांगा, आमी वेळ शोधतो. सुकेशनी विचारत गेली, मी सांगत गेले. लग्न, तू, तुझ्या पाठचा रंगनाथ, तुझे बाबा गेले ते साल. प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच, जुळत न्हाई. मी म्हणले, त्याला सांग, म्हातारी समक्ष जगून आलीय, खोटं कशाला बोलंल.

मग सुकेशनीनं माझ्या समद्या गोष्टी खोडल्या, निस्ती तारीख ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावर चाक फिरत राहिलं. आमी चहा केला, प्यालो, कपबशा विसळल्या. येऊन बघतो तर वेळ आलेली: दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. खाली लिहिलेलं, पक्कं जुळलं. कशाशी जुळलं ते लिहिलेलं नव्हतं.

हेच घ्यायचं ठरलं. ते आयुष्याची प्रकरणं पाडून देतं. पहिलं आठ वर्षांचं, मग पंधरा, मग बारा, मग सत्तावीस, आणि आता चालू हाय ते तीस वर्षांचं. बोट ठेवलं की प्रकरण उघडतं. आज पहिलं उघडलं. मी डोकावले, मला काय कळणार, निस्त्या रेघा. तेवढ्यात बाळानं लाथ मारली, ती सुकेशनीनं माझा हात धरून दाखवली. मग ते एकदम निवांत झालं.

२१ डिसेंबर, रविवार

दुपारी सुकेशनी आडवी झाली होती, मी मागच्या उंबऱ्यावर तूर निवडत बसले. उठले तर पदराचं टोक ओलं. नळ तर लांब. बोटानं चाचपलं. कोमट होतं, आणि चुरगळलेलं, तान्हं लेकरू चोखतं तसं. मी म्हणले, कुसुम, लाळ गळायचं वय झालं तुझं. पदर पिळला आणि पुन्हा बसले.

संध्याकाळी सुकेशनीनं कालचं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. शब्दाला शब्द माझंच. शेवटाला एक ओळ जास्तीची होती: माझंबी लिहा. मी असं बोलले न्हाई. शेजारच्या हेमाबाईंचा टीव्ही मोठ्यानं असतो, फोननं तेच ऐकलं असंल, असं ठरवून आमी जेवलो. ती ओळ सुकेशनीनं पुसली.

२२ डिसेंबर, सोमवार

तुरीतले खडे मी बाजूला ठेवले होते. हात धुऊन आले तर त्यातले पाच फरशीवर मांडलेले. चार एका ओळीत, मोठा एकटा पुढं. आमी लहानपणी सागरगोटे खेळायचो तसे. या ओळीतल्या क्वार्टरांत लहान पोरगी एकबी न्हाई.

मला हसू आलं, खरं सांगते. मोठा खडा उचलला, वर फेकला, झेलला, आणि म्हणले, आता तुझी पाळी. समोर कोण हाय ते बघितल्याबिगर थट्टा करायची माझी खोड तुला ठाऊक हाय.

माझा खडा अजून माझ्या मुठीत होता. खालचा दुसरा खडा आपला आपण वर गेला, आणि खाली पडला न्हाई.

मी उठून आत आले. गुडघे दुखतात तेबी विसरले.

२३ डिसेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी सुकेशनीनं दुसरं प्रकरण उघडलं, पंधरा वर्षांचं. आज माझ्या फणीत केस. काळेभोर, कमरेइतके लांब. माझे पांढरे, तेबी मोजके. सुकेशनीचे खांद्याच्या वर कापलेले. तिला दाखवले तर म्हणली, शालीचे दोरे असतील. दोऱ्याला खोबरेल तेलाचा वास येत न्हाई, रेणुके.

आणि एक. दुपारी दोनच्या सुमाराला बाळ हलायचं थांबतं. सुकेशनीनंच सांगितलं, हसून, म्हणली झोपेची वेळ ठरवून घेतलीय त्यानं. मी पोटावर हात ठेवला. तुझ्यासकट तीन लेकरं पोटात वागवलीत मी, झोपलेलं कसं लागतं ते मला कळतं. हे झोपलेलं नव्हतं. दाराआड कुणी आलं की आतलं माणूस श्वास धरून उभं राहतं, तसं होतं.

२५ डिसेंबर, गुरुवार

सुकेशनीनं उरलेली तिन्ही प्रकरणं काल एका बैठकीत उघडली. शनिवारच्या क्लासात दाखवायची हायत म्हणे. मी नको म्हणले, पण का नको ते मला सांगता आलं न्हाई.

आज दोरीवरचे कपडे कुणीतरी काढून, घड्या घालून खाटेवर ठेवलेत. धम्मानंदाचे शर्ट, सुकेशनीचे गाऊन, माझं लुगडं. लुगड्याची घडी चौपदरी, आणि वर त्याच्याच टोकाची गाठ मारलेली. अशी घडी माझी आई घालायची. दुसरं कुणी घालताना मी जन्मात बघितलं न्हाई, आणि मला ती कधी जमली न्हाई.

ऐक आता. हे तुला कधी सांगितलं न्हाई, त्यामुळं विसरलीस असं म्हणता येणार न्हाई.

माझ्या आधी एक होती. थोरली. तुझा आजा रेल्वेत गँगमन, निजामाच्या राज्यात. इंग्रजी सालाच्या पहिल्या दिवशी साहेब गँगच्या माणसांना बुंदी वाटायचा. आई सांगायची, बुंदीचा पुडा घेऊन तुझा बाप दुपारी दोन-सव्वादोनला घरात शिरला, तवा मी नुकती मोकळी झाले होते. पुढं रझाकारांची धामधूम झाली. माणसं गाव सोडून रानात राहिली. आईला ताप चढला, दूध आटलं. थोरली पाच महिन्यांची होती. आईनं पदराचं टोक पाण्यात भिजवून तिच्या तोंडात दिलं. दोन दिवस ती ते चोखत राहिली. मग राहिली न्हाई. नाव ठेवायचं राहून गेलं.

दोन वर्षांनी मी झाले, आणि आईला दूध आवरेना.

आधारवाल्या पोरानं अंदाजानं तारीख ठोकली. ती तिची निघाली.

२७ डिसेंबर, शनिवार

क्लास झाला. फोन मोठ्या आवाजावर होता, मी शेजारी बसले. सुकेशनीनं निवेदिताबाईंना समदं सांगितलं, थोरलीचं, पदराचं, केसांचं, बाळ गप्प होतं त्याचं. बाई समजूतदार हायत. घाबरू नका, हे गणित आहे म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, वर्षं मोजायच्या आधीची पायरी केली होती ना? ग्रीकांच्या पोथ्यांत आधी हे बघायला सांगितलंय, की हे मूल पोसलं गेलं का. न पोसलेल्या मुलाची वर्षं मोजायची नाहीत. तिथंच वही मिटायची.

सुकेशनीचं तोंड उतरलं. म्हणली, बाई, आज्जी समोर बसून भाकरी खायलेली. तिला काय विचारू, तुला पोसलं का म्हणून?

फोनात बाईंनी पानं उलटल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाल्या की मोजून झालेलं परत कसं घ्यायचं, ते कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही.

पुढचं मी विचारून घेतलं. एक जानेवारीला अठ्ठ्याहत्तर पुरी होतात आणि सातवं घर लागतं, ते समोरच्या माणसाचं. आणि त्याच दिवशी, जन्माच्याच वेळेला, गाठ सुटते. गाठ म्हणजे काय, तर प्रकरणांच्या मोजणीत बाराही राशी फिरून झाल्या की काळ पुन्हा पहिल्या राशीत जात न्हाई, समोरच्या राशीत उडी घेतो.

मला अक्षर येत न्हाई, पण हे कळलं. तिची वर्षं मोजून तयार हायत, अंग तेवढं न्हाई. उडी घेईल ती समोर. आणि तिच्या समोर बसून रोज मोजलं कुणी? सुकेशनीनं, पोटातल्या लेकरासकट.

सुकेशनीनं ते पान बंद केलं, फोनातून, लॅपटॉपातून समदं काढून टाकलं. खाटेसमोर प्लास्टिकची खुर्ची असती. ती करकरली. माणूस टेकलं की करकरती तशी.

२९ डिसेंबर, सोमवार

रोज दुपारी येती. खुर्चीत बसती, सुकेशनीच्या खाटेसमोर. मला ती दिसत न्हाई, खुर्चीचे पाय फाकतात ते दिसतं. खोकती. म्हातारीसारखी, माझ्याचसारखी.

आज बाळ पाऊण तास हललं न्हाई.

वंदना म्हणायला बसले. बुद्धं सरणं म्हणले, आणि माझ्या मागून कुणीतरी म्हणायला लागलं. अडखळत, एक शब्द मागं. तिला ती येत न्हाई. ती छप्पनच्या आधीची. माझ्याकडून शिकायलीय—

धम्मानंदाला सांगितलं. हसला न्हाई. खुर्ची उचलून बाहेर शेवग्याखाली ठेवली. दोनला ती आत होती.

तुला दोनदा फोन केला. चार्जिंगला लावून विसरली असशील.

३१ डिसेंबर, बुधवार

दोन तास. हललं न्हाई. दवाखान्यात नेलं. ठोके हायत, मंद हायत. डॉक्टरीणबाई म्हणली, उद्या तीनला पुन्हा बघू, मग ठरवू. तीनला. दोन-दहा त्याच्या आधी येतात—

सुकेशनी दोन्ही हात पोटावर धरून बसलीय, दाराला आतून पाठ लावावी तशी. म्हणती, आज्जी, हेबी जाणार का. मी म्हणले, मी हाय ना. काय हाय मी, रेणुके, मी काय—

उघड ना हे. एवढं एक उघड.

१ जानेवारी २०२६, गुरुवार, सकाळ

विचार झाला माझा.

तिला लेकराशी वैर न्हाई. तिला जागा पाहिजे. समोर असंल ती. तीन किलोच्या जिवात अठ्ठ्याहत्तर वर्षं शिरली तर लेकरू तिथंच—

सुकेशनीला आतल्या खोलीत निजवलंय. धम्मानंद रजा टाकून तिच्याजवळ हाय. त्यांना सांगितलंय, मी हाक मारल्याबिगर दार उघडायचं न्हाई. खुर्चीसमोर खाटेवर मी बसणार.

भ्याले हाय. पण लाज जास्त वाटायलीय. सख्ख्या बहिणीशी पहिल्यांदा बोलायचं, आणि दूध मात्र तिच्या वाटचं—

१ जानेवारी, दुपार

आली. बटण दाबून ठेवलंय. फोन ऐकायलाय, तीबी ऐकायलीय.

खुर्ची आतल्या दाराकडं वळायलीय. कुणी हात लावला न्हाई—

"अक्का, तिकडं बघू नको. इकडं बघ. आधार तुझं हाय. रेशन कार्ड तुझं, मतदानाचं कार्ड तुझं. समद्यावर तारीख तुझी, फोटो तेवढा माझा. लेकरात तू मावायची न्हाईस. इथं मावशील. ये."

थांबली. वळायलीय माझ्याकडं.

गार. पायापासून वर— गुडघे दुखायचे राहिले, बघ, एवढं बरं झालं—

घड्याळाचे दोन्ही काटे एकावर एक—

रेणुके, सुकेशनीला सांग, मी—

१ जानेवारी, संध्याकाळ

बाळ हललं. दवाखान्यात ठोके मोजले, पळायलेत म्हणली डॉक्टरीणबाई. पोरगी रडत हसत माझ्या गळ्यात पडली. माणूस इतकं गरम असतं, मला ठाऊक नव्हतं.

मी तिला काही सांगितलं न्हाई. तुला सांगते, कारण कुसुम सांग म्हणती.

मी कुसुम न्हाई. मी थोरली. तू माझी भाची. कुसुम खुर्चीत बसलीय, समोर. मला उंबरा ओलांडता येईना म्हणून हसायलीय. बोलती, पण आवाज बारीक व्हायलाय तिचा. बारीक— आता निस्ते ओठ हालतात.

बाळंतपण मी करीन. कुसुमला शब्द दिलाय. पोरीला आणि लेकराला काही होऊ देणार न्हाई. पण मला आधी खायला लागतं. इथलं समदं संपलं. दुपारपासून मी—

उद्याच्या पहिल्या गाडीनं डबा पाठव, रेणुका. कंडक्टरच्या हातात दे. दूध नको. दुधाची वाट बघून झालं माझं. कुसुमच्या तोंडात दात न्हाईत, मला तर कधी आलेच न्हाईत, म्हणून मऊ पाठव. ज्वारीची आंबील पाठव. ताकातल्या कण्या. भाकरी वरणात कुस्करून, त्यात तिखट टाक, तिखट कसं लागतं गं? भात. गूळ. पुरण. समदं पाठव. आणि एका डब्यात भागवू नको. मला अठ्ठ्याहत्तर वर्षांचं जेव—